पाय कुठे ठेवायचा?

आईच्या दोन्ही गुडघ्यांच्या शस्त्रक्रिया झाल्या आणि आमच्या घरातली विळी ओट्याखाली गेली. डॉक्टरांनी बजावलं होतं, मांडी घालायची नाही, उकिडवं तर बसायचंच नाही. म्हणजे आता भाजी उभ्याने किंवा टेबलाशी बसून चिरायची. मी उत्साहाने बाजारातून एक सुबक लाकडी चॉपिंग बोर्ड आणला. चारशे रुपये, एका टोकाला गोल भोक, भोकातून ओवलेली सुतळी. आईने तो ओट्यावर ठेवला, त्यावर कांदा ठेवला, सुरी हातात घेतली आणि थबकून म्हणाली, ‘‘अगं, पण याला पाय कुठे ठेवायचा?’’

मी हसले. तिने सुरी दाबली, बोर्ड गुळगुळीत ग्रॅनाइटवरून सर्रकन सरकला आणि कांदा घरंगळत शेगडीखाली गेला. तेव्हा कळलं की प्रश्न बरोबर होता.

साठ वर्षं जी बाई विळीवर बसली, तिच्या दृष्टीने चिरण्याची सुरुवातच पाट पायाखाली दाबण्यापासून होते. विळीचं पातं जागच्या जागी उभं असतं, हलते ती भाजी. दोन्ही हात भाजीला मोकळे, नजर समोर गप्पा मारणाऱ्या जावेकडे, आणि मेथीची जुडी आपली पात्यातून पुढे सरकते आहे. विळी, मोरळी, मालवणीतला आडाळो, गोव्यातली आदोळी, नाव काहीही असो, त्या लाकडी पाटाचं काम एकच: पातं घट्ट धरायचं आणि माणसाच्या वजनाखाली राहायचं. धार त्या पाटाला कधी लागतच नाही. म्हणून विळीचा पाट सागाचा की फणसाचा, हा प्रश्न सुताराचा. स्वयंपाक करणाऱ्या बाईला त्याच्याशी देणंघेणं नव्हतं.

आपल्या स्वयंपाकघरात लाकूड काही कमी नव्हतं. पोळपाट-लाटणं, भाकरीचं पीठ मळायची काठवट, ताकाची रवी, उखळ आणि मुसळ. पण सुरीचा घाव रोज अंगावर घेणारं लाकूड घरात नव्हतं. मग फ्लॅट आले, उभ्याचे ओटे आले, विळीला खाली बसायला जागा उरली नाही, आणि आपण सुरी हातात घेतली. ती चालवायची कशावर, हे मात्र कुणी शिकवलं नाही. कुणी अंगठ्याच्या आधाराने हातातल्या हातात बटाटा कापतं, कुणी ताट पालथं घालून, कुणी थेट ग्रॅनाइटवर. त्या आवाजाने माझे तर दात शिवशिवतात.

तर तो चारशे रुपयांचा बोर्ड. आषाढात तो गेला. रात्री खरकट्या भांड्यांबरोबर बेसिनमध्ये भिजत राहिला होता. सकाळी पाहिलं तर मधून वर उचलला गेलेला, सुकायला लागलेल्या पत्रावळीसारखा. दोन दिवसांनी भोकापासून थेट मध्यापर्यंत उभी चीर. दुकानदाराने बोर्ड हातात न घेताच सांगितलं, ‘‘मॅडम, लाकूड आहे, तडकणारच.’’ चूक अर्धी आमची होती, हे मान्य. पण ते वाक्य मला पटलं नाही. आजीचा पोळपाट चाळीस वर्षं रोज ओला होत होता, तो का नाही तडकला? आणि मटणाच्या दुकानातला ओंडका? त्याच्यावर तर दिवसभर सत्तूर पडतो.

म्हणून एका रविवारी नेहमीच्या दुकानात रांगेत उभी असताना मी मटण सोडून ओंडक्याकडे बघत राहिले. कमरेच्या खाली येईल इतक्या उंचीचं, बुंध्याचं आडवं कापलेलं बुटकं खोड. कडेला लोखंडी पट्टा. मध्यभागी वापराने खळगा पडलेला. गर्दी ओसरल्यावर विचारलं, ‘‘दादा, हे कुठलं लाकूड?’’

‘‘चिंच.’’

‘‘दुसरं कुठलं चालत नाही?’’

‘‘चालतं की. पण मग मटणात कूस येते. गिऱ्हाईक परत येऊन तोंडावर फेकतं.’’

किती वर्षांचा आहे, याचं उत्तर त्याने अशा पद्धतीने दिलं: मुलगी पहिलीत गेली तेव्हा आणला, आता ती कॉलेजात आहे. मधला खळगा वाढला की सुताराकडून वरचा थर तासून घ्यायचा. रात्री दुकान बंद करताना पातं आडवं धरून ओंडका खरवडायचा, जाडं मीठ चोळायचं, पोतं टाकून झाकायचा. ‘‘पाणी ओतायचं नाही,’’ तो म्हणाला, ‘‘पाणी ओतलं की आतून सडतं. बायका काय करतात, नळाखालीच धरतात.’’ हा टोला नेमका कुणाला होता, ते मला समजलं.

बकरी ईद जवळ आली की अनेक शहरांत रस्त्याकडेला चिंचेच्या खोडांच्या अशा चकत्या विकायला येतात. थायलंडच्या बाजारातही स्वयंपाकाचे गोल ठोकळे चिंचेचेच असतात. जिथे चिंच भरपूर आणि सत्तूर जड, तिथे माणसं न ठरवता एकाच निष्कर्षाला आलेली दिसतात. चिंचेचे तंतू सरळ जात नाहीत, एकमेकांत गुंतलेले असतात, त्यामुळे घाव पडला तरी लाकडाची ढलपी निघत नाही. पण खरी गंमत लाकडाच्या जातीपेक्षा ते कसं कापलंय यात आहे.

ओंडक्यावर सत्तूर पडतो तो खोडाच्या आडव्या छेदावर. भाताची पेंढी उभी बांधून ठेवली आहे आणि वरून विळा टेकवला, अशी कल्पना करा. काड्या बाजूला सरतील, पातं मधे शिरेल, पातं काढलं की काड्या परत जवळ येतील. आता तीच पेंढी आडवी टाकून तिच्यावर विळा मारा, काड्या तुटतील. लाकडाचे तंतूही तसेच. उभ्या तंतूंच्या टोकांवर सुरी चालवली तर ती तंतूंच्या मधे शिरते, धार टिकते, लाकडावर व्रणही कमी पडतात. साध्या फळीवर, जिथे तंतू आडवे पसरलेले असतात, तिथे सुरी प्रत्येक वेळी तंतू कापते. महागडे कटिंग बोर्ड लहान-लहान चौकोनी ठोकळे जोडून बुद्धिबळाच्या पटासारखे केलेले दिसतात, ते नक्षीसाठी नव्हे. प्रत्येक ठोकळ्याचा आडवा छेद वर आणलेला असतो. म्हणजे खाटकाचा ओंडकाच, फक्त चिंधीसारखे तुकडे जोडून केलेला. बोर्डांच्या दुकानात ‘एंड ग्रेन’ म्हणून दहा मिनिटं कौतुकाने समजावून सांगितलं गेलं, ते या खाटकाच्या कमरेशी कायम उभं होतं.

माझा बोर्ड का वाकला, याचं उत्तर टिंबर मार्केटमध्ये मिळालं. पुण्यात भवानी पेठेतल्या त्या गल्ल्यांत शिरलं की आधी वास येतो, सागाचा कडवट-गोडसर, मग करवतीचा आवाज. मी भाजी कापायला फळी हवी म्हटल्यावर गादीवरच्या गृहस्थांनी आधी प्लायचा तुकडा देऊ केला. (प्लायवर किंवा एमडीएफवर कधीही अन्न कापू नये. त्यात लाकडाबरोबर भरपूर डिंकही असतो.) मी हट्ट सोडला नाही, तेव्हा त्यांनी सागाची एक फळी उभी करून तिचा कडेचा छेद दाखवला. ‘‘इथे बघा, कमानी दिसतात ना? खोडाच्या वर्तुळांच्या. अशी फळी वाकणार. आणि ही बघा,’’ दुसरी फळी, ‘‘इथे रेघा उभ्या आहेत. ही सरळ राहील.’’

लाकूड हवेतली ओल पितं आणि कोरड्या हवेत ती परत सोडतं. पावसाळ्यात बाथरूमचं दार फुगून बसतं ते त्यामुळेच. पण ते सगळीकडून सारखं फुगत नाही. तंतूंच्या लांबीत जवळजवळ हलतच नाही. वर्तुळांच्या आडवं थोडं हलतं, आणि वर्तुळांच्या कडेकडेने साधारण त्याच्या दुप्पट. कमानी असलेल्या फळीची एक बाजू दुसरीपेक्षा जास्त हलते, म्हणून तिला बाक येतो. त्यात आम्ही ती एका अंगावर बेसिनमध्ये ठेवलेली, म्हणजे एक बाजू तुडुंब आणि दुसरी तहानलेली. शिवाय ते भोक. चीर पडायला अशक्त जागा हवीच असते. ती कारागिराने सुतळीच्या सोयीसाठी स्वतःच करून दिली होती.

तेव्हापासून बोर्ड घेताना मी वरची चकाकी बघत नाही, कड बघते. एकाच अखंड रुंद फळीचा बोर्ड दिसायला देखणा असतो, पण तोच आधी वाकतो. अरुंद पट्ट्या जोडून केलेला, पट्ट्यांच्या कडेला उभ्या रेघा असलेला, निदान इंचभर जाड, असा बोर्ड जास्त टिकतो. जोडकाम पाण्याला न दबणाऱ्या डिंकाने केलंय का, हे विचारावं. साधा पांढरा डिंक रोजच्या धुण्यात सुटतो. पट्ट्यांच्या सांध्यावरून नख फिरवावं, कुठे अडकलं तर तिथेच उद्या पाणी मुरणार.

लाकूड कुठलं, यावर मात्र प्रत्येक माणूस आपापल्या गावाचं झाड सांगतो. कोकणातला फणस सांगेल, देशावरचा बाभूळ. डेहराडूनच्या वनसंशोधन संस्थेने फार पूर्वी यावर एक छान तोडगा काढला: सागवानाला प्रत्येक गुणात १०० गुण द्यायचे आणि बाकीची लाकडं त्याच्या तुलनेत मोजायची. वजन, कठीणपणा, आकार टिकवून धरणं, सगळं. १९५० च्या दशकात तिथल्या व्ही. डी. लिमये यांनी भारतीय लाकडांची अशी प्रतवारी प्रसिद्ध केली. आपल्याकडे सोनं जसं चोवीस कॅरेटशी ताडून बघतात, तसं लाकूड सागाशी. पाश्चात्य जगात मोजणी वेगळी. साधारण ११.२८ मिलिमीटर व्यासाचा पोलादी गोळा लाकडात अर्धा रुतवायला किती जोर लागतो, ते बघायचं. ही जांका चाचणी. अमेरिकन बोर्डांचं लाडकं हार्ड मेपल तिच्यात सुमारे १४५० पौंडांवर आहे, अक्रोड १००० च्या आसपास, साग त्याच्या किंचित वर. माझ्या न्यू जर्सीच्या मावशीकडे ओट्यावर मेपलचा असाच धोंडा आहे. ती म्हणते, उचलायला दोन माणसं लागतात, म्हणून तो धुतलाच जात नाही, जागच्या जागी पुसला जातो.

फार कठीण लाकूड म्हणजे फार चांगला बोर्ड, असं वाटणं साहजिक आहे आणि चुकीचं आहे. बोर्डाने सुरीपुढे थोडं नमतं घ्यायला हवं. काचेचा बोर्ड सगळ्यांत कठीण, आणि सुरीशी त्याचं सख्य विळ्याभोपळ्याइतकंच. बांबूचे बोर्डही स्वस्त, हलके, ‘पर्यावरणस्नेही’ म्हणून खपतात. बांबू हे गवत आहे, त्यात सिलिका असते, आणि बोर्ड म्हणजे त्याच्या बारीक काड्या भरपूर डिंकात चिकटवलेल्या. धार लवकर जाते.

सिलिकेचा आरोप सागावरही आहे आणि तो खरा आहे. सागावर रंधा मारणाऱ्या कुठल्याही सुताराला विचारा, पातं किती वेळा लावावं लागतं. जपानी पोलादाची दहा-बारा हजारांची सुरी बाळगणाऱ्यांनी सागापासून दूर राहावं. पण आपल्या घरात साठ-सत्तर रुपयांची सुरी असते, तिला धार लावायला दारावर धारवाला येतो किंवा कप पालथा घातला जातो. तिच्यासाठी सागाला नाकारणं म्हणजे बैलगाडीला विमानाचं पेट्रोल शोधण्यासारखं आहे. सागात स्वतःचं तेल असतं, पाण्याला तो दबत नाही, आकार सोडत नाही. चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलातला साग २०२३ मध्ये अयोध्येच्या मंदिराच्या दारांसाठी गेला. त्याचाच एक हातभर तुकडा माझ्या कोथिंबिरीला चालेल, असं मला वाटलं.

बाकीच्यांबद्दल थोडक्यात. आंब्याचं लाकूड ओल धरणारं, किडा लवकर लागणारं; पोळपाटाला ठीक, घाव घ्यायला नाही. बाजारात ‘शीशम’ म्हणून मिळतं ते बहुधा उत्तरेतलं शिसू असतं, आपल्या सह्याद्रीतली काळपट शिसव नव्हे. तेही चांगलं कठीण लाकूड आहे, फक्त शिसवीचा भाव देऊ नका. केरळातल्या म्हाताऱ्या रबराच्या झाडांचं पिवळसर लाकूड ‘हेविया’ नावाने येतं, स्वस्त बोर्ड त्याचे असतात. घरात एक असू द्यायला हरकत नाही, पण ओल्या हवेत त्याला बुरशी लवकर धरते. जांभळाचं लाकूड पाण्यात कुजत नाही म्हणून पूर्वी विहिरीच्या तळाशी घालत, पण वाळताना ते फार तडकतं. बिब्ब्याच्या वाटेला जाऊच नका. कुठलंही घेतलं तरी गाभ्याचं घ्या. बाहेरच्या पांढरट लाकडात पिष्ट असतं आणि भुंग्याला ते आवडतं. बोर्डाखाली एक दिवस पिठासारखा बारीक भुसा दिसला की समजायचं.

*

आता तो प्रश्न, जो प्रत्येक मैत्रिणीने विचारला. लाकूड अस्वच्छ नाही का? प्लास्टिक बरं ना?

हीच समजूत जगभर होती. विस्कॉन्सिन विद्यापीठातले अन्नसुरक्षेचे प्राध्यापक डीन क्लायव्हर यांनाही तीच होती. त्यांनी काम सुरू केलं ते लाकडी बोर्ड कशाने निर्जंतुक केले तर प्लास्टिकइतके सुरक्षित होतील, हे शोधायला. नेसे आक आणि चार्ल्स कास्पर या सहकाऱ्यांबरोबर त्यांनी लाकडाच्या आणि प्लास्टिकच्या बोर्डांवर साल्मोनेला, लिस्टेरिया आणि घातक ई. कोलाय हे जिवाणू मुद्दाम सोडले. १९९४ मध्ये ‘जर्नल ऑफ फूड प्रोटेक्शन’मध्ये निष्कर्ष आले ते उलटेच. लाकडावर टाकलेले जिवाणू पृष्ठभागावरून आत ओढले जात, आत त्यांची वाढ होत नसे, ते हळूहळू मरत. प्लास्टिक नवं असताना सहज धुतलं जात होतं. पण सुरीचे चरे पडलेल्या प्लास्टिकमधले जिवाणू हाताने धुऊन निघत नव्हते. लाकडाचा वापरलेला बोर्ड मात्र नव्यासारखाच वागत होता. अमेरिकेच्या अन्न नियमावलीत आजही मेपल किंवा तशाच घट्ट तंतूंच्या लाकडाचे बोर्ड आणि ओंडके चालतात.

याचा अर्थ लाकूड जादू करतं असा नाही. कोंबडी कापून तसाच बोर्ड ठेवला आणि पाच मिनिटांनी त्यावर काकडी चिरली, तर लाकडाला आपलं काम करायला वेळच मिळालेला नसतो. म्हणून मांस-मासळीचा बोर्ड वेगळा, एवढं पथ्य पुरे. मोठ्या हॉटेलांत हे पथ्य रंगांवर चालतं: मटणाला लाल, मासळीला निळा, भाजीला हिरवा. आमच्या आजीकडे मासे कापायचा आडाळो मागच्या पडवीत असे आणि भाजीची विळी आत. त्यामागे शास्त्र होतं असं म्हणणाऱ्यांच्या रांगेत मी उभी राहणार नाही. त्यामागे सोवळं होतं, आणि सोवळ्याने माणसांनाही पडवीतच ठेवलं होतं. पण आडाळो बाहेर राहिला, ते बरं झालं.

प्लास्टिकबद्दल आणखी एक. २०२३ मध्ये नॉर्थ डकोटा स्टेट विद्यापीठातल्या संशोधकांनी गाजरं कापून बोर्डातून किती कण निघतात ते मोजलं. पॉलिथिलीनच्या बोर्डातून एका माणसामागे वर्षाला ७.४ ते ५०.७ ग्रॅम सूक्ष्म प्लास्टिक निघू शकतं, असा त्यांचा अंदाज. कोण किती जोराने कापतो यावर तो बदलतो, आणि उंदरांच्या पेशींवर केलेल्या चाचणीत या कणांचा ठळक अपाय दिसला नाही, हेही त्यांनीच नोंदवलं. लाकडाचेही कण निघतातच. पण पोटात काहीतरी जाणारच असेल, तर मी सागाचा भुसा पसंत करेन.

*

शेवटी बोर्ड करून घेतला तो एका वयस्कर सुताराकडे. पेठेत पाडलेल्या एका वाड्याच्या सागाच्या तुळईचा तुकडा त्यांच्याकडे पडून होता. आधी त्यांनी त्यावरून लोहचुंबक फिरवलं. जुन्या लाकडात खिळे मोडून राहिलेले असतात. मग बाहेरचा अंगुळभर थर चारही बाजूंनी तासून टाकला, कारण शंभर वर्षांत त्याला कुणी डांबर लावलं, कुणी ऑइल पेंट, कुणी वाळवीचं औषध. ‘‘आतला गाभा देवाचा,’’ ते म्हणाले, ‘‘बाहेरचा माणसांचा.’’

मला खाटकाच्या ओंडक्यासारखा, आडवे छेद वर असलेला बोर्ड हवा होता. असं काम त्यांनी कधी केलं नव्हतं. ‘‘ताई, लाकडाचं डोकं वर ठेवायचं? तिथून तर ते पाणी पितं.’’ बरोबर होतं. झाड त्याच नळ्यांतून पाणी वर चढवत होतं. कापल्यावर त्या बुजत नाहीत. असा बोर्ड सुरीला सगळ्यांत मऊ, पण पाणी आणि तेल दोन्ही भरभरून पिणारा, आणि नीट जपला नाही तर सांध्यांत चिरणारा. आधी पट्ट्या कापल्या, गुण्या लावून कडा काटकोनात आणल्या, सागाचं तेल वर आलेलं असतं म्हणून सांधे थिनरने पुसून मगच डिंक लावला, शिकंज्यात एक रात्र ठेवलं. दुसऱ्या दिवशी ती जोडफळी पुन्हा आडवी कापून, तुकडे उलटसुलट फिरवून परत जोडले. त्या छेदांवर रंधा चालेना; पातं अडकून कडेची ढलपी उडाली. दोन दिवस पॉलिश पेपर घासण्यात गेले. मजुरी सांगताना ते जरा ओशाळले. मी घासाघीस केली नाही.

चाळीस सेंटिमीटर लांब, अठ्ठावीस रुंद, पाच जाड. वजन साडेतीन किलोच्या वर. जाडीचा एक तोटा मला उशिरा लक्षात आला: बोर्ड जितका जाड, तितका ओटा उंच. आई जेमतेम पाच फूट. कापताना कोपर खांद्याकडे उचललं जायला लागलं, तर तासाभरात मान धरते. शेवटी बोर्ड जेवणाच्या टेबलावर गेला, ते ओट्यापेक्षा बुटकं. बुटक्या बायकांनी अडीच-तीन सेंटिमीटरच्या वर जाऊ नये, असं माझं मत झालं आहे, मासिकांतले शेफ काहीही म्हणोत. ते सगळे सहा फुटी असतात.

तेलाचा प्रश्न घरात गाजला. आई म्हणाली खोबरेल, मावशी म्हणाली शेंगदाण्याचं. खायचं कुठलंही पातळ तेल लाकडात मुरलं की महिन्या-दोन महिन्यांत खवट होतं आणि तो वास भाजीत उतरतो. शेंगदाणा आणि करडई आघाडीवर. खोबरेल उशिरा खवट होतं, पण होतंच. जवसाचं तेल हवेत सुकून कडक थर धरतं, पण त्याला आठवडे द्यावे लागतात. ज्याला खवटपणा ठाऊकच नाही असं तेल औषधाच्या दुकानात मिळतं: लिक्विड पॅराफिन, बाटलीवर ‘आय. पी.’ लिहिलेलं. मी मागितल्यावर केमिस्टने आवाज उतरवून विचारलं, ‘‘किती दिवस झाले?’’ पोट साफ व्हायला देतात ते. त्याला सांगितलं, बोर्डाला हवंय. त्याचा विश्वास बसला नसावा.

पहिल्या दिवशी बोर्डाने ते वाळवंटासारखं पिऊन टाकलं. चार दिवस रोज रात्री तेल, सकाळी पुसून कोरडं. मग चार भाग तेलात एक भाग मेण वितळवून केलेला लेप. मेण महाबळेश्वरहून आणलेलं. तिथलंच मांघर २०२२ मध्ये ‘मधाचं गाव’ म्हणून जाहीर झालं. लेप चोळला की वरून पाण्याचे थेंब अळवाच्या पानावरच्यासारखे उभे राहतात. आता महिन्यातून एकदा तेल. पाणी थेंब धरून न राहता पसरायला लागलं की वेळ झाली समजायचं. एका कोपऱ्यात मी कोकमाचं भिरंडेलही लावून पाहिलं, टाचांना लावतो ते. चांगलं बसलं. पण बोर्ड हातात घेतला की हिवाळ्याची आठवण येते.

रोजच्या वापरात फार काही नाही. कापण्याआधी पृष्ठभाग पाण्याने ओला करून पुसून घ्यायचा. जपानी स्वयंपाकी हे कटाक्षाने करतात. आधीच पाणी प्यालेलं लाकूड बिटाचा रंग आणि बांगड्याचा वास कमी पितं. (जपानीत आचाऱ्याला ‘इतामाए’ म्हणतात, शब्दशः ‘फळीपुढचा’.) ओल्या हळदीचा डाग पडला तर साबण लावून घाबरू नका; तो आधी लाल होईल, कुंकवासारखा. धुऊन तासभर सकाळच्या उन्हात ठेवा, उन्हाने हळद उडते. दुपारच्या कडक उन्हात मात्र नको. कांदा-लसणाचा वास राहिला तर जाडं मीठ आणि पिळलेल्या लिंबाची साल. धुतल्यावर दोन्ही अंगं पुसून कडेवर उभा ठेवायचा, भिंतीला न चिकटवता, म्हणजे हवा दोन्हीकडून लागते. आडवा सुकवला की वाकलाच. आणि कापलेली भाजी कढईत लोटताना सुरीची धार घासत न्यायची नाही, सुरी उलटी करून पाठीने लोटायची. ही एवढी एक सवय लागायला मला वर्ष लागलं.

आईने बोर्ड पहिल्यांदा पाहिला तेव्हा नारळ पारखतात तसा बोटाच्या पेराने वाजवला. ठोकळ्यांची नक्षी बघून ‘‘सोंगट्या खेळायच्या का यावर?’’ म्हणाली. मग टेबलावर ठेवला, खाली ओलं फडकं घातलं, कांदा ठेवला, सुरी दाबली. बोर्ड हलला नाही. तिने दोन्ही हातांनी तो ढकलून पाहिला, तरी हलला नाही.

कांदा झाला, टोमॅटो झाला, फरसबी झाली. मग तिने मला ओट्याखालून विळी काढायला सांगितली.

‘‘आता कशाला?’’

‘‘नारळ काय याच्यावर खवणार आहेस?’’

विळी टेबलावर चढवली. तिने खुर्ची पुढे ओढली आणि मला पाट दाबून धरायला लावला.